लहान बोर्ड, चांगलं बी

या सौद्यात जयाला कॉम्प्युटर मिळणार होता आणि पूनमसिंगला पोरगी. नफा बापाचा मोठा, असं त्यांच्या बंजारा तांड्यानं परस्पर ठरवूनही टाकलं होतं. जयाची आई नंदाबाई जाऊन वर्ष झालं होतं. पोरगी घरी राहिली की भाकर गरम, दिवा वेळेवर, शिवाय कॉम्प्युटरवर लोकांचे फॉर्म भरून चार पैसे सुटणार. जयाच्या बाजूला काय, ते कोणी मांडलं नाही. नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिचा नंबर लागला होता. बापाला तिनं सांगितलं होतं, लागला नाही.

खोटं बोलायला कारण होतं. कापसाच्या कर्जानं घरंच्या घरं बसली अन् शेतकरी जीव देऊ लागले, त्या सालांतली ही गोष्ट. घरात एकटा पुरुषमाणूस असला, की शेजारी सकाळी काहीतरी निमित्त काढून त्याला हाक मारत. आतून ओ आली, की मग आपापल्या कामाला लागत. जयाला ती हाक शेजाऱ्यांवर सोडायची नव्हती.

पुसदच्या कॉम्प्युटरच्या दुकानात दुकानदार रोशननं काउंटरवर दोन मदरबोर्ड ठेवले. सुटे भाग नेऊन जया ते घरी जोडणार होती. क्लासात ती तेवढं शिकली होती. एक बोर्ड मोठा, पुढेमागे हवं ते बसवायला जागा असलेला. दुसरा लहान, जेमतेम.

"बा, बोर्ड म्हणजे वावर समज," जया म्हणाली. "प्रोसेसर म्हणजे त्यातलं बी. वावर आता मोठं घेऊ, बी साधं टाकू. एक-दोन सालानं चांगलं बी टाकता येते. दहा वर्सं पाहा लागत नाई."

दहा वर्षं रोशनलाही जरा जास्त वाटली. पण गिऱ्हाईक आपणहून मोठा माल मागत असताना दुकानदारानं मध्ये बोलू नये, एवढं त्याला कळत होतं. त्यानं मान डोलावली.

पूनमसिंगनं दोन बोर्ड दोन हातांत घेतले आणि खालीवर करून वजन पाहिलं.

"काका, कापूस आहे का तो?" रोशन हसला. "बोर्ड तोलून नाई घेत कोणी. अन् जड तर मॉनिटर असते."

"मॉनिटरचं मांगून पाहू." पूनमसिंगनं लहान बोर्ड पोरीपुढे सरकवला. "वावर हे घे. बी मात्र दुकानातलं सगळ्यात चांगलं."

वावर लहान घ्या म्हणणारा शेतकरी रोशन पहिल्यांदाच पाहत होता. जयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उलटं करून राह्यला तू," ती खालच्या आवाजात म्हणाली. "महाग प्रोसेसर आताच कायले? पुढल्या साली टाकू ना."

"पुढल्या सालाचं मले नको सांगू. जे द्याचं ते आजच देतो."

रोशनचं हसू तिथंच थांबलं. त्या सालांत असं वाक्य कोणी हलकं घेत नसे.

जयानं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. महिनाभरात त्यानं एकेक गोष्ट उरकली होती. वावर गावातल्या बबनरावांना रोख पैसे घेऊन मक्त्यानं कसायला दिलं. बैल विकले. नंदाबाईच्या चांदीच्या बांगड्या काढून पोरीच्या हातात ठेवल्या. तेव्हा तिला तो शहाणपणा वाटला होता. आता त्याच गोष्टी तिनं दुसऱ्या बाजूला मांडल्या आणि बेरीज निरवानिरवीची निघाली.

"बा, घरी चाल. आपल्याले कॉम्प्युटर नाई पाह्यजे."

"बस." तो तिच्याकडे न पाहता बोलला. "तुह्या सरानं फुलसावंगीच्या बजारात मले पेढा देल्ला. मी खाल्ला. अन् मंग इचारलं, कायचा?"

जयाची मान खाली गेली.

"मोठं वावर माणसाले धरून ठेवते, बेटा. मले धरलं ना. हे लहान पेटीत बसते. पेटी मांडीवर घेऊन नागपूरच्या एसटीत बसता येते. तिथं तुले पुढं काय लागन, मले समजणार नाई. म्हणून म्हटलं, बी आजच चांगलं घे."

"अन् तू? एकटा?"

यावर तो तांड्याच्या बोलीत बोलू लागला. रोशननं उगीच खोकी इकडची तिकडे केली. पूनमसिंग सांगत होता, दर रविवारी मी फुलसावंगीच्या टेलिफोन बूथवर येऊन बसेन. तू फोन करायचा. मी उचलेन.

जयानं तळहात पुढे केला. देवादिकांची शपथ तिला नको होती. "उचलशील?"

पूनमसिंगनं लगेच हात ठेवला नाही. नुकताच केलेला सौदा आपल्याला झेपेल का, हे माणूस ज्या तोंडानं तपासतो, त्या तोंडानं तो पोरीच्या तळहाताकडे पाहत होता. मग त्यानं हात ठेवला.

बिलाचे पैसे मक्त्याच्या रकमेतून गेले. तेवढे कोणीही देतं. उरलेली किंमत हप्त्यानं होती, दर रविवारी एक, आणि ती पूनमसिंगला जिवंत राहून भरायची होती.