विदादचे सहा अल्बम

गायिका विदाद वारली त्याला नऊच दिवस झाले होते. दुखवटा म्हणून तौफिकने आपल्या कॉफीच्या दुकानातला टेप बंद ठेवला होता. तिचा नवरा फौझी, ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणारा बैरुतमधला जुना वादक, येऊन बसला.

"तिचं गाणं लाव."

"चाळीस दिवस गल्लीत गाणं लावत नाहीत, उस्ताद. आणि तुम्ही तर एरवीही लावू द्यायचा नाहीत. 'बायकोने अरबी गाण्यात विलायती पॉप कालवलाय, बंद कर ते,' म्हणून मलाच दटावायचा."

"लाव रे. घर खायला उठतं."

तौफिकने दुकानाचं दार लोटून घेतलं.

"सहाही अल्बम आहेत माझ्याकडे. वहिनींचं कुठलं गाणं लावू?"

तिच्या एकाही गाण्याचं नाव फौझीला ठाऊक नव्हतं.