तिसरी माती

पाळकबाईंनी फावडं मातीच्या लाकडी खोक्यात परत ठेवलं, तेव्हा शवपेटीवर दोनच वेळा माती पडली होती.

डोर्थे वाट पाहत राहिली. वाऱ्याने टोपी उडू नये म्हणून डोक्यावर नेलेला हात तसाच राहून गेला. ‘मातीतून तू आलास’ म्हणून झालं. ‘मातीत तू मिळशील’ हेही झालं. आता तिसरं. या किनाऱ्यावर कुणीही मेलं, मग तो दारुडा असो की शाळामास्तर, तिसऱ्यांदा माती टाकून ते वाक्य म्हटल्याशिवाय त्याला कुणी सोडत नसे. ‘मातीतून तू पुन्हा उठशील.’

पण पाळक सिग्नेबाईंनी हातातलं पुस्तक मिटलं.

“विसरली की काय ही पोर?” मागून शेजारचा ओले पुटपुटला. बंदरावर वाऱ्याशी ओरडण्यात त्याचा जन्म गेलेला, त्याचं पुटपुटणं सगळ्या दफनभूमीला ऐकू गेलं.

“गप रे तू! पान उलटलं असेल वाऱ्यानं,” त्याच्या बायकोनं दटावलं.

रोज सकाळी कॉफीचं आधण ठेवण्याआधी डोर्थे गुडघे टेकून एवढं एकच मागत आली होती, की शेवटच्या दिवशी आम्ही सगळे एकमेकांना पुन्हा दिसू दे. त्या एका वाक्याच्या आधारावर ती उभी होती. आणि तेच वाक्य तिच्या नवऱ्याच्या, थॉर्किलच्या, कबरीच्या तोंडाशी कुणीतरी गिळून टाकलं होतं.

“पाळकबाई,” ती म्हणाली. “एक राहिलं.”

सिग्नेबाईंचे ओठ पांढरेफटक पडले होते. “राहिलं नाही, डोर्थेबाई. त्यांनीच नको म्हणून सांगितलं. दवाखान्यात माझा हात धरून वचन घेतलं.”

लोकांत चुळबुळ झाली. “बघा, शेवटपर्यंत देव मानला नाही गड्यानं,” कुणीतरी म्हणालं.

डोर्थे पेटीकडे पाहत होती. एवढी वर्षं एका छपराखाली काढली, आणि या माणसानं पुन्हा उठायचंच नाही असं ठरवून टाकलं? एकदा विचारलंसुद्धा नाही? मी तिकडे एकटीच उभी राहणार, हे कळत नव्हतं त्याला?

“का?” तिच्या तोंडून एवढंच फुटलं.

पाळकबाईंनी एकदा लोकांकडे पाहिलं, मग कबरीत पाहिलं.

“म्हणाले, यॅपला कुठे मिळाली माती? माझं पोर समुद्रातच राहिलं. त्याच्यावर कुणी मूठभर टाकली नाही, की हे शब्द म्हटले नाहीत. जे पोराला मिळालं नाही, ते बापाला नको.”

ओलेने डोक्यावरची टोपी काढली. बांधापलीकडे समुद्र आपटत होता.

यॅप गेल्यापासून दर ईस्टरला डोर्थे चर्चमध्ये गायची आणि थॉर्किल बांधावर चर्चकडे पाठ करून बसायचा. ती त्याला अविश्वासी समजून त्याच्यासाठी रडत आली होती. पण ज्याला काही मिळणारच नाही असं वाटतं, तो ‘मला नको’ म्हणून रुसेल कशाला? म्हणजे मानत होता तो. सगळं मानत होता, अगदी तिच्याइतकंच, आणि पोरासाठी सोडायला निघाला होता.

ती पुढे झाली आणि वाकून तिने खोक्यातलं फावडं उचललं.

“डोर्थेबाई, मी वचन दिलंय त्यांना...”

“तुम्ही दिलंत. माझ्याकडून कुठे घेतलं त्यानं?”

“अगं, आत पडशील!” ओलेने धावत येऊन तिचं कोपर पकडलं.

“मग नीट धर.”

माती ओली होती, जड होती. तिने फावडं भरून घेतलं. अर्धी माती तिच्याच बुटांवर सांडली.

“मातीतून तू पुन्हा उठशील,” ती म्हणाली. उरलेली माती धप्पकन पेटीवर पडली.

मग ती आणखी खाली वाकली, आणि स्वयंपाकघरात त्याच्यावर खेकसायची तशीच खेकसली, “उठावंच लागेल तुला, थॉर्किल. त्या दिवशी पोराला पाण्यातून वर घ्यायला होडी कोण काढणार?”