भैयाजींचा मुकुट

दुसरी घंटा होऊन गेली, तरी जयवंताबाईच्या डोक्यावर मुकुट चढला नव्हता.

मुकुट भैयाजींच्या हातात होता. त्यांच्या नाटक कंपनीचा कायदाच तसा, बापाच्या वेळेपासूनचा. देवाचा मुकुट मालकाने हात धुऊन स्वतः चढवायचा, देवाच्या पायावर डोकं ठेवायचं, मगच तिसरी घंटा. एकदा मुकुट उतरला की त्याच देवाच्या कानफटात ठेवून द्यायला मालक मोकळा. जयवंताने दोन्ही चाखलं होतं. लहानपणी याच कंपनीत ती बालकृष्ण व्हायची.

"चढवू का, बाई?" भैयाजींनी विचारलं.

एके काळी त्यांच्या तोंडात जयवंते याखेरीज शब्द नव्हता. आता बाई. कन्हानच्या मैदानात खाणीवरचे लोक बायकालेकरं घेऊन दाटीवाटीने बसले होते, ते काही भैयाजींचं थोबाड पाहायला आले नव्हते. नवरात्रात जयवंताबाई देवी होते म्हणून आले होते. भिंतीभिंतीवर तिचं नाव होतं. भैयाजींच्या बुडत्या कंपनीचं त्याच्या खाली, मुंगीएवढं.

जयवंता आरशासमोर पाय सोडून बसली होती. जनाबाई तिच्या पायांना आळता लावत होती. जनाबाई तेव्हाही इथेच होती, बालकृष्णाला पीतांबर नेसवायला.

"चढवा ना," जयवंता म्हणाली. "पण एक सांगून ठेवते. मी आज बाजूले बसली आहो."

जनाबाईचा हात थांबला. भैयाजींनी मुकुट छातीशी ओढला, भुंकत्या कुत्र्यापुढून लेकरू ओढावं तसा.

"काय बोलून राहिली तू?" बाई गेली, तू आली.

"ऐकलं तेच. मागच्या वेळी मी सांगितलं नोतं. मलेच समजलं नोतं, काय झालं ते. म्हणून या वेळी आधी सांगून राहिली."

मागची वेळ तिघांनाही पाठ होती. उमरेडला भर खेळात बालकृष्णाच्या पीतांबरावर डाग दिसला. पोरगी बासरी धरून उभी. लोक हसायला लागले, तर तिला वाटलं, आपलं काम झकास झालं, म्हणून तीही हसली. भैयाजींनी मंचावर येऊन सगळ्यांदेखत मुकुट ओढून काढला, केसांच्या बटांसकट. मुकुट गोमूत्राने धुतला. पोरीला धुवायला पाणीही दिलं नाही, तशीच हाकलली. मग कोष्ट्याच्या घरी मागाच्या कांड्या भरता भरता तिची तरणी वर्षं गेली. पुढे नाटकांना खऱ्या बायका लागायला लागल्या, तेव्हा कोणाला तरी तिची आठवण आली.

"मी दुसरी उभी करतो," भैयाजी म्हणाले.

"करा. तुळजाबाई आहे ना तुमची, राक्षसीण होते ती. करा तिले देवी."

तेवढ्यात नवरात्र मंडळाच्या चंपतरावांनी पडद्याआडून आवाज दिला, "भैयाजी, किती उशीर गा? पब्लिक आता बल्ल्या उपटते मांडवाच्या."

भैयाजींनी ओठांवरून जीभ फिरवली. "हा मुकुट माझ्या बापाचा आहे, जयवंता."

"हो ना. माहे केस असतीन अजून त्यात अडकून. पाहा बरं."

भैयाजींनी खरंच पाहिलं.

"गोमूत्र आणू का थोडं?" जनाबाईने विचारलं. तिचा चेहरा असा सरळ, की टोमणा म्हणावा तर तसंही म्हणता येईना.

बाहेर शिट्ट्या सुरू झाल्या. भैयाजींनी डोळे मिटले आणि कडू काढा घशाखाली उतरवावा तसा मुकुट जयवंताच्या डोक्यावर ठेवला. मागची दोरी बांधताना त्यांची बोटं तिच्या केसांना लागू नयेत म्हणून धडपडत होती, आणि तेवढीच लागत होती.

"कोणाले सांगू नको," ते हळूच म्हणाले.

"मी काहून सांगू? तुमाले माहीत आहे, तेवढं बस झालं मले."

ते वळले.

"पाया," जयवंता म्हणाली. "कायदा अर्धा नका पाळू."

जनाबाईने वाटीतला उरलासुरला आळता जयवंताच्या पायांच्या दोन्ही अंगठ्यांवर चढवला आणि बाजूला सरकली. भैयाजी वाकले. गुडघे कुरकुरले. देवीने आशीर्वाद द्यायचा असतो. जयवंताचे हात तिच्या मांडीवरच राहिले.

भैयाजी उठले आणि मागे न पाहता नारळ घेऊन पडद्यापुढे गेले.

"खरंच वं?" जनाबाईने विचारलं.

"काय खरंच? मले बंद होऊन दोन वर्सं झाले."

जनाबाईने वाटी खाली ठेवली. "मंग सांगू त्याले, खोटं होतं म्हणून?"

"सांगजो. मराले टेकंल तवा सांगजो."

जयवंता पडद्याच्या फटीशी आली. भैयाजी भर उजेडात हात जोडून उभे होते. कपाळाच्या मधोमध अंगठ्याचा लाल ठसा, ओला, आणि त्याचा एक ओघळ नाकाच्या शेंड्यापर्यंत आलेला. पुढच्या रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावत होत्या. मग पोरं हसली, मग सगळं मैदान.

भैयाजींना वाटलं, लोक खुशीत आहेत. तेही हसले.

"आता दे घंटा," जयवंता म्हणाली.