बहिरी फांदी

"तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," चर्चच्या पायरीवर बसून पाइप पेटवत म्हातारा तेलेस्फोर म्हणाला, "म्हणूनच सांगतो. ओनेझिमचं झाड मी नुसत्या तोंडानं लाल केलं."

रविवारची प्रार्थना संपली होती. लोक उन्हात रेंगाळत होते. कबरस्तानाच्या भिंतीपलीकडे ओनेझिमचा थोरला मेपल भर ऑगस्टात लालभडक होऊन उभा होता. शोदिएर नदीच्या दोन्ही काठांवर अजून दुसरं एक पान पिवळंसुद्धा पडलं नव्हतं.

"तोंडानं म्हणजे? रंग थुंकलास की काय?" एक्झिल्दा म्हातारीनं विचारलं.

"हसा. जूनमध्ये गेलो, बुंध्याला तोंड लावलं आणि माझ्या देलव्हिनाची सगळी हकीकत त्याच्या कानात सांगितली. ऐकता ऐकता झाडाला लाज वाटायला लागली. आधी शेंडा लाल झाला, मग गाल..."

"झाडाला गाल?"

"तुझ्यापेक्षा बरे होते."

लोक पुन्हा हसले, पण आता जरा जपून. तेलेस्फोरच्या बायकोची, देलव्हिनाची हकीकत सगळ्यांना माहीत होती. मागच्या सप्टेंबरात ती खिडकीशी खाटेवर पडून होती. खिडकीसमोर बांधावरचा मेपल. एवढा लाल झालेला बघते आणि मग जाते, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ओनेझिमनं तो हिरवा असतानाच करवतीनं पाडला. बुंधा वीतभर आपल्या हद्दीत येतो म्हणाला. त्यानंतर खिडकीतून त्याच्या कोठाराची मागची भिंत तेवढी दिसायची. देलव्हिना रंगाची वाट न बघताच गेली.

"खालची ती फांदी तर हिरवीगार आहे की रे," एक्झिल्दानं बोट दाखवलं.

"ती बहिरी आहे," तेलेस्फोर म्हणाला. एक क्षणही अडला नाही.

ओनेझिम मात्र हसत नव्हता. तो पायऱ्यांखाली उभा होता. महिनाभर तो त्या झाडाभोवती फिरत होता. मुळं उकरून पाहिली, कीड नाही. फादरकडून पवित्र पाणी शिंपडून घेतलं, उपयोग नाही.

"आता माझ्या झाडांच्या मागे लागलास तू?" तो म्हणाला.

तेलेस्फोरनं पाइप तोंडातून काढला. गोष्ट सांगतानाचा त्याचा आवाज आता कुठल्या कुठे गेला होता.

"अजून एकाशीच बोललोय, ओनेझिम. टेकडीवरचं तुझं सगळं रान बाकी आहे. आणि मला वेळच वेळ आहे. घरी कोण वाट बघतंय?"

टेकडीवरच्या मेपलांना दर वसंतात बादल्या लागायच्या. त्यांच्या रसाची साखर व्हायची, त्या साखरेवर ओनेझिमचं घर चालायचं. त्यानं एकदा टेकडीकडे पाहिलं, एकदा त्या लाल झाडाकडे.

"काय पाहिजे तुला?"

"टोपी काढ. देलव्हिनाच्या कबरीपाशी जा. गुडघे टेक आणि माफी माग. मला इथं बसून ऐकू आली पाहिजे."

"सगळ्यांदेखत?"

"झाड काय झाकून पाडलं होतंस?"

ओनेझिमनं टोपी काढली. तो कबरस्तानाचं फाटक उघडून आत गेला, कबरींच्या ओळीतून चालत कोपऱ्यापर्यंत पोचला आणि अवघडून खाली बसला.

"देलव्हिना, मला माफ कर."

"ऐकू नाही आलं!" तेलेस्फोर ओरडला.

"देलव्हिना! मी चुकलो! मला माफ कर!"

तेलेस्फोरनं डोळे मिटून घेतले. पाइप केव्हाच विझला होता, तरी तो ओढत राहिला. एक्झिल्दानं हळूच छातीवर क्रूसाची खूण केली.

ओनेझिम उठला. विजारीला गुडघ्यांवर माती लागली होती, ती त्यानं झटकली नाही. परत फिरताना तो भिंतीच्या कडेनं आला, आपल्या झाडाखाली थांबला. इतके दिवस तो मुळांकडेच बघत होता. आता मान वर झाली. काहीतरी दिसलं म्हणून त्यानं भिंतीवर पाय ठेवला, वर चढला आणि पानं बाजूला सारली.

जमिनीवर उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर, बुंध्याला भोवतीनं, वीतभर रुंद पट्टा सालीशिवाय उघडा पडला होता. कुणीतरी वरून चिखल थापला होता, तो पावसानं ओघळून गेला होता. अशी साल काढली की झाड अवेळी लाल होतं आणि मग मरतं, हे त्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. पट्ट्याच्या वरचं सगळं लाल होतं. खाली एकच फांदी होती, ती हिरवी.

ओनेझिमनं उघड्या लाकडावर तळहात ठेवला. मग तिथून खाली जमिनीपर्यंत नजर टाकली. या भिंतीच्या आडोशाला दर हिवाळ्यात माणूस बुडेल एवढा बर्फ साचतो आणि मार्च संपला तरी हलत नाही.

"तेलेस्फोर," त्यानं भिंतीवरूनच हाक मारली, पायऱ्यांवरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशी. टोपी अजून त्याच्या हातातच होती. "ही फांदी बहिरी नाही रे. तू आलास तेव्हा ती बर्फाखाली होती."