थोडा पिवळा

“लाज वाटते तर आत जाऊन बस!” लेक आईवर खेकसली.

आई जागची हलली नाही. भिंतीला टेकवून ठेवलेल्या चित्राकडे पाठ करून ती खुर्चीत बसून राहिली. नवरा गेल्यावर त्याची बाकीची चित्रं तिने दिवाणखान्यात राहू दिली, हे एक मात्र कपाटामागे कोंबलं. चित्रातली आई तरुण होती आणि अंगावर चिंधीही नव्हती. आज संग्रहालयाच्या बाई ते न्यायला आल्या होत्या. पण चित्र आईच्या मालकीचं, आणि आई ‘नाही’वर अडून बसलेली. लेकीच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाउज घालून वावरणाऱ्या आईचा लाजाळूपणा लहानपणापासून तिच्या डोक्यात जायचा. आता त्यापायी बाबांचं सगळ्यात चांगलं काम धूळ खात पडणार!

बाई चित्रासमोर उकिडव्या बसल्या. त्यांचा चहा केव्हाच गार झाला होता.

“ही रेषा बघा. मानेपासून कमरेपर्यंत एका दमात उतरलीय. इथे खांद्यापाशी तेवढी अडखळते. खांदा वर चढलाय, अंग चोरल्यासारखा. आणि दंडावर, मांडीवर हे निळे-जांभळे डाग! उजेड तर समोरून आहे, मग इथे सावली कुठली? केवढी ही कल्पनाशक्ती!”

“कल्पना नाही हं,” लेक तोऱ्यात म्हणाली. “बाबा समोर दिसेल तेच रंगवायचे. पदरचा एक ठिपका घालायचे नाहीत.” मग ती आईकडे वळली. “ऐकलंस? जन्मभर त्या माणसाबरोबर राहिलीस, पण कला म्हणून काही शिवली नाही तुला!”

“एकच उणीव वाटते,” बाई मान तिरकी करून म्हणाल्या. “या निळ्याशेजारी थोडा पिवळा हवा होता. चित्र तोललं गेलं असतं.”

आई उठली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्या चित्रासमोर येऊन उभी राहिली. दंडावरच्या निळ्या डागावर तिने बोट टेकवलं.

“काळंनिळं पिवळं पडायला आठवडा लागतो,” ती म्हणाली. “तेवढी उसंत त्यांनी मला कधी दिलीच नाही.”