रुजवात

साहेबांच्या हातचा खर्डा टंकलेखक लताबाईंनी जसाच्या तसा टाइप केला. समासातली एक ओळ तेवढी मुद्दाम गाळली. पंचवटीहून येताना बसमध्येच त्यांनी ते ठरवून टाकलं होतं.

खर्डा एडिटरच्या माहितीपुस्तिकेचा होता. सत्त्याऐंशीचा उन्हाळा चालू होता. कचेरीत कॉम्प्युटर येऊन वर्ष झालं होतं आणि त्यावर मराठी मजकूर लिहायच्या एडिटरची नवी आवृत्ती पुण्याहून आली होती. पुस्तिका बदलणं भाग होतं, कारण जुन्या आवृत्तीत एफ-टूचं बटण दाबलं की मजकूर साठवला जायचा आणि नव्या आवृत्तीत तेच बटण दाबलं की तो पुसला जायचा. साधं विचारायचंसुद्धा नाही. हा बदल करणाऱ्याला त्यात कसली सोय दिसली, देव जाणे. नाशिकला भिकनअण्णा नावाचे टंकलेखक आहेत आणि पान संपलं की त्यांचं बोट आपोआप एफ-टूवर जातं, हे त्याला कोण सांगणार?

बोट गेलंच. लताबाईंनी त्या बटणावर लाल चिकटपट्टी लावून दिली, तर पट्टीवरूनही गेलं. गेल्या आठवड्यात ऐन मीटिंगच्या सकाळी पाणीटंचाईचा अहवाल नांदगावच्या टँकरांसकट पुसला गेला. अण्णा दुपारपर्यंत कोऱ्या पडद्याकडे बघत बसले, डबासुद्धा उघडला नाही. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खर्ड्यात सातव्या कलमाशेजारी बाण काढला आणि समासात लिहिलं, ‘पन्नाशी उलटलेल्या टंकलेखकांस संगणकावर बसवू नये. आवक-जावक शाखेत घ्यावे.’

पन्नाशी उलटलेले कचेरीत एकटे अण्णाच होते. टाइपरायटर कधीच लिलावात गेले होते, त्यामुळे परत जायलाही जागा नव्हती. आता निवृत्तीपर्यंत टपालावर शिक्के मारत बसायचं. लताबाई नोकरीला लागल्या तेव्हा त्यांची बोटं मराठी टाइपरायटरवर बसवली ती याच माणसानं. त्यांना संताप येत होता, पण काढायचा कुणावर? साहेबांवर काढण्याएवढी त्यांची नोकरी पक्की नव्हती, आणि बटण बदलणाऱ्याचा तर पत्ताच ठाऊक नव्हता.

साहेब वाचून सही करणाऱ्यांतले नव्हते. गाळलेली ओळ पकडली जाण्याची भीती एकाच ठिकाणी होती, ती म्हणजे रुजवात. टाइप झालेला कुठलाही कागद रुजवातीशिवाय साहेबांपुढे जात नसे. एकानं मूळ खर्डा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं टाइप केलेल्या कागदावर टिकल्या मारायच्या, आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. कचेरीत खर्डा वाचायचं काम अण्णांकडे होतं.

“अण्णा, आज मी वाचते,” लताबाई म्हणाल्या. “तुम्ही नुसत्या टिकल्या मारा.”

“कालपास्नं घसा बसलाय तुमचा. कशाला ताणता? आणा इकडं.”

त्यांनी खर्डा ओढून घेतला. लताबाईंनी त्याचा समास मागे दुमडून ठेवला होता. अण्णांनी तो टेबलावर ठेवून अंगठ्यानं नीट सपाट केला, चष्मा पुसला आणि सुरुवात केली.

ते नेहमीच्याच एकसुरी आवाजात वाचत होते. कलम चार. एफ-टू दाबू नये, मजकूर नष्ट होईल. कलम पाच. साठवण्यासाठी एफ-सेव्हन दाबावे. आपण दुसऱ्याच कुणाची गोष्ट वाचत असल्यासारखे ते पुढे पुढे जात होते. लताबाईंची लाल पेन्सिल टिकल्या मारत होती, पण लक्ष सगळं अण्णांच्या बोटाकडे होतं. सातव्या कलमाशी बोट थांबलं. बाणावरून हळूहळू समासात गेलं.

अण्णांनी ती ओळ वाचली. त्याच आवाजात, एकही शब्द न खाता. मग त्यांनी वर पाहिलं.

“टिकली मारली नाय तुम्ही.”

अण्णांनी हात लांब करून त्यांच्यापुढचा कागद फिरवून घेतला आणि सातवं कलम पाहिलं.

“एक ओळ राहिली तुमची.”

“राहू द्या ना, अण्णा,” लताबाई म्हणाल्या. “साहेब काही बघणार नाहीत.”

“साहेब नाय बघणार.”

“मग?”

“मग काय. खाली सही माझी हाय ना. खर्ड्याबरहुकूम नसलेल्या कागदावर मी कधी सही केलेली नाय. घ्या, उघडा मशीन.”

लताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आता हे हसतील, निदान रागावतील, असं त्यांना वाटलं. अण्णा खर्डा धरून तसेच उभे होते. शेवटी लताबाई कॉम्प्युटरपुढे जाऊन बसल्या, पुस्तिका उघडली, सातव्या कलमाखाली आल्या. अण्णा मागे येऊन उभे राहिले आणि सांगू लागले. पन्नाशी. उलटलेल्या. टंकलेखकांस.

लताबाई टाइप करत गेल्या, तशी खालची कलमं आपोआप सरकत गेली आणि ओळीला हवी तेवढी जागा झाली. अण्णा वाकून पडद्याकडे बघत राहिले.

“लय भारी हाय हे,” ते म्हणाले. “टाइपरायटरवर असतं, तर अख्खं पान परत मारावं लागलं असतं.”