चवळीचा वाडगा

बामाकोच्या सभागृहात शेवटचं गाणं संपवून मी आत आले आणि चपला काढून मटकन बसले. वरचा सूर लागलाच नव्हता, तरी लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. “आवाज म्हणजे मध,” मंत्र्यांची बायको म्हणाली. मी मान डोलावली. मी वाट बघत होते ती माझ्या साथीला न्गोनी वाजवणाऱ्या सेकूबाची. मी कोने, तो त्राओरे. आमच्या घराण्यांनी एकमेकांची टिंगल करायची, मयतीतसुद्धा, अशी रीत; ‘चवळीखाऊ’ ही त्यातली ठरलेली शिवी. लग्नांच्या मांडवांपासून पॅरिसपर्यंत प्रत्येक कार्यक्रमानंतर त्यानं उकडलेल्या चवळीचा वाडगा माझ्यापुढे आदळलाय. “खा गं चवळीखाऊ,” म्हणायचा, “गात होतीस, की गाढवीण व्यायली?” आज तेच ऐकायचं होतं. सेकूबा वाडगा घेऊन आला. झाकण काढलं, तर आत भात आणि मटण. “चवळी कुठाय रे?” “जेवून घ्या,” तो म्हणाला. “छान गायलात तुम्ही.”